आज भांग, सहाला भरती

जबलपूरहून आठवड्यातून एकदा एक गाडी थेट कोकणात जाते, हे मला कुणी सांगितलं नसतं तर पुढचा सगळा तमाशा टळला असता. सौ.ला मी सांगितलं होतं, कारखान्यातल्या एका जुन्या मित्राने कोकणात घर बांधलंय, त्याची वास्तुशांत आहे. तिने बिचारीने विश्वास ठेवला. वास्तूसाठी तांब्याचा कलश दिला, वर खोव्याच्या जिलब्यांचा डबा दिला आणि स्टेशनवर सोडायला आली. मी खिडकीशी बसून हात हलवत होतो. पायाखालच्या पिशवीत पायजम्यात गुंडाळलेली माझी गळाची रीळ होती आणि ती पायाला टोचत होती.

आता खोटं बोलायची पाळी का आली ते सांगतो. मी खमरियाच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं तपासणी खात्यात होतो. सहा दिवस वस्तूंमधले दोष काढायचे आणि सातव्या दिवशी नर्मदेवर गळ टाकून बसायचं, असं माझं आयुष्य. बडीशेप घातलेल्या कणकेच्या गोळीवर रोहू कसा लागतो, हे मला आधारताल ते गोरखपूर, अशा साऱ्या जबलपुरातून विचारायला यायचे लोक. मागच्या वर्षी घाटावरच छातीत कळ आली आणि मी सहा दिवस दवाखान्यात भरती होतो. (आमच्याकडे दवाखान्यात दाखल होण्याला भरती होणं म्हणतात. वाचकांनी हे ध्यानात ठेवावं, नाहीतर पुढे काही उमजणार नाही.) बरा होऊन घरी आलो, डॉक्टर म्हणाले सब ठीक है, पण सौ. म्हणाली, पाण्यापाशी जायचं नाही. वर्षभर मी पोळी खाल्ली, टीव्ही पाहिला आणि भिंतीकडे पाहिलं. अशाने माणूस हृदयाने नाही, कंटाळ्याने जातो.

मग मला एक तोड सुचली. समुद्रात कयाक (एका माणसाची, वल्ह्याने हाकायची प्लॅस्टिकची होडी) घेऊन मासे धरायला शिकवणारे एक गृहस्थ कोकणात आहेत, असं कळलं. अंगात लाइफ जॅकेट, सोबत शिकवणारा, सगळं रीतसर. तिथे शिकायचं, फोटो काढायचा आणि घरी येऊन सौ.समोर ठेवायचा, की बघ, समुद्रात काही झालं नाही तर नर्मदेत काय होणार. हे जमलं तर माझे रविवार मला परत मिळणार होते. नाही जमलं, किंवा आधीच फुटलं, तर गळ कायमचा सुटला असं मी धरून चाललो होतो.

गावाचं नाव देत नाही. तिथल्या लोकांनीच तशी विनंती केली आहे.

सप्तमीला सकाळी अकराच्या सुमारास मी पोचलो. शिकवणारे गृहस्थ म्हणजे बाबल. वय चाळीस-बेचाळीस, अंगाने काटकुळा, बोलणं मोजकं. त्याने उभ्याउभ्या चार जिलब्या खाल्ल्या आणि मला खाडी दाखवायला नेलं. खाडी नव्हतीच. मैलभर काळा चिखल, त्यात आडव्या पडलेल्या दोन होड्या आणि बगळे. मी म्हटलं, पाणी कुठाय. तो म्हणाला, येतला. म्हणजे येईल. मी मनात म्हटलं, फसलो.

जेवायला भात आणि तिसऱ्यांची (चिखलात सापडणाऱ्या शिंपल्यांची) आमटी होती. मी पोळी आहे का विचारलं तेव्हा बाबलच्या बायकोने माझ्याकडे काळजीने पाहिलं. मग तांदळाची घावणं आली आणि वाटीभर सोलकढी. ती गुलाबी सोलकढी पाहून मला आधी ते औषध वाटलं, पण तीन वाट्या प्यालो. कलश मी त्या माउलीला देऊन टाकला. तो घरी परत नेणं म्हणजे पुरावाच घरी नेणं.

दुपारची झोप काढून पाच वाजता बाहेर आलो तर अंगणाच्या पायरीपर्यंत पाणी. सकाळच्या त्या आडव्या होड्या छान डुलत होत्या. आता आमच्या नर्मदेचं पाणी चढतं ते वरच्या बरगी धरणाचे दरवाजे उघडले की. पाण्याला वर चढायला दुसरं काही कारण असू शकतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी अनुभवी माणसाच्या आवाजात बाबलला विचारलं, वरचे गेट किती उघडले. त्याने थोडा वेळ विचार केला.

"चंद्रान सोडल्यान," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, पहाटे सहाला पहिला धडा. कयाक समोर आली आणि मी सवयीने तिची तपासणी केली. तळाला आरपार सहा भोकं. मी म्हटलं, हा माल मी पास करू शकत नाही. बाबल म्हणाला, वर आलेलं पाणी त्यातून खाली जायचं असतं. मी म्हटलं, आणि खालचं पाणी वर येत नाही का. तो म्हणाला, नाय. तेहेतीस वर्षं दोष काढलेल्या माणसाला असं उत्तर देऊन भागतं का. तो वल्हं आणायला वळला तेवढ्यात मी आमिषासाठी मळून आणलेली बडीशेपेची कणीक सहाही भोकांत ठासून भरली.

परिणाम असा झाला की बाबलची कयाक कोरडी आणि माझी बाथटब. लाटेचं पाणी वर येई आणि कणकेमुळे खाली जाईना. मी नाभीपर्यंत पाण्यात बसून वल्हं मारत होतो. खालून बारके मासे कणीक खायला जमले, त्यांचं टकटक बुडाला ऐकू येत होतं. आयुष्यात इतके मासे माझ्याकडे कधी आले नव्हते आणि नेमका त्या वेळी गळ किनाऱ्यावर राहिला होता. मी त्यांना पाहायला वाकलो आणि कयाक उलटली. बाबलने जॅकेटला धरून मला वर ओढलं. मी वर आलो. फोन आणि चष्मा आले नाहीत.

काठावर अंग पुसताना बाबलने मला पाण्याचं शास्त्र सांगितलं. पाणी चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात असतं ते उधाण. सप्तमी-अष्टमीला पाणी सुस्त असतं, फार चढत नाही, फार उतरत नाही, त्याला भांग म्हणतात. नवशिक्याला भांग बरी. मी म्हटलं, आमच्याकडे भांग शिवरात्रीला घोटतात. तो म्हणाला, ती येगळी. भरतीची वेळ काढायची सोपी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. हे मला फार आवडलं. हिशोबात बसणारी गोष्ट दिसली की मला आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं.

घरी खुशाली कळवायला हवी होती. त्या गावात फोनला रेंज फक्त देवळामागच्या एका खडकावर येते. बाबल निघाला होताच तिकडे. माझा चष्मा खाडीत, त्यामुळे मी त्यालाच सौ.चा नंबर सांगितला आणि म्हटलं, लिहा काहीतरी, फोन पाण्यात गेला म्हणा, मजेत आहे म्हणा. बाबल मोजकं बोलणारा माणूस. त्याने काय लिहिलं ते मी नंतर सौ.च्या फोनवर वाचलं. ते असं:

"तुमचे मिस्टर पाण्यात पडले. वर काढले. फोन गेला. आज भांग आहे म्हणून वाचले. सहाला भरती. काळजी नको. बाबल."

यात एक शब्द खोटा नाही. कुठल्याही कोकणी बाईने हे वाचून फोन बाजूला ठेवला असता आणि कुकर लावला असता. पण हे वाचलं गेलं जबलपूरच्या महाराजपुरात, आमच्या स्वयंपाकघरात.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवमीचा दिवस फार सुखाचा गेला. कणीक सोडून दिली, भोकं मोकळी ठेवली. कोळंबी लावून गळ सोडला आणि वीतभर तांबोशी (खाडीतला तांबूस मासा) मिळाली. दोरी हाताला ओढली तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा माझं मलाच जिवंत असल्यासारखं वाटलं. बाबल म्हणाला, बरा. त्याच्या तोंडून हे म्हणजे पदक.

तिथेच मी बिघडलो. दशमीला बाबलला तालुक्याला काम होतं. त्याने बजावलं, एकट्यान जाव नको. मी हो म्हटलं आणि मान हलवताना मनात दहाची पाऊणपट केली. साडेसात. साडेसातला खाडी काठोकाठ भरलेली होती, अगदी हिशोबाबरहुकूम. मी कयाक लोटली आणि बाजूच्या फाट्यात शिरलो. दोन्हीकडे खारफुटीची झाडं, पाणी काचेसारखं, मधूनच एखादा मासा उडी मारी. मी गळ टाकला आणि भरलेल्या पाण्यावर निर्धास्त बसलो. माझी चूक एवढीच झाली की पाऊणपटीने पाणी भरायची वेळ कळते. ते किती वेळ भरलेलं राहतं, हे मी विचारलंच नव्हतं. धरणाचं पाणी एकदा आलं की दिवसभर असतं, तसं हे असेल असं मी धरून चाललो होतो.

साडेदहाला कयाक एका बाजूला कलली. मला वाटलं मोठा मासा खाली आला. मी वल्हं मारलं तर चिखलाचा गोळा उडून तोंडावर आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सगळीकडे तोच तो काळा चिखल आणि मधे पिवळ्या होडीत मी. किनारा साठ-सत्तर पावलांवर होता. एक पाय खाली टाकला तो मांडीपर्यंत गेला, चप्पल तिथेच राहिली. मोठ्या मुश्किलीने पाय परत मिळवला.

तेवढ्यात तिसऱ्या काढणाऱ्या बायका आल्या. कमरेला टोपल्या, हातात कोयते, चिखलातून अंगणातून चालावं तशा चालत होत्या. त्यांतल्या वयस्क बाईला सगळ्या सुमतीमावशी म्हणत होत्या. मी विचारलं, मी तुमच्या मागून येऊ का. ती म्हणाली, पाय खय टाकूचो ता तुमका कळाचा नाय, कमरेपर्यंत जाशात. हयच बसा. मी विचारलं, किती वेळ. तिने उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, चार-साडेचाराक पाणी येतला. म्हणजे सहा तास. मी छत्रीसारखं वल्हं धरून बसलो. सावली पडली ती वल्ह्याएवढी.

बाराच्या सुमारास किनाऱ्यावर एक रिक्षा येऊन थांबली. तीतून आधी एक थर्मास उतरला, मग दवाखान्याची जाडजूड फाइल, मग माझा मेहुणा विनू आणि मग आमची सौ.

झालं होतं असं. निरोप वाचून तिने एवढा अर्थ लावला, की नवऱ्याने भांग पिऊन पाण्यात उडी घेतली, लोकांनी वर काढलं आणि संध्याकाळी सहाला त्याला भरती करणार आहेत. बाबल हा डॉक्टर असावा. पुन्हा पुन्हा फोन केला तर लागेना, कारण बाबल खडकावरून केव्हाच उतरला होता. थेट गाडीला अजून चार दिवस होते. मग कल्याण, पनवेल करत, मिळेल त्या डब्यात बसून ती निघाली, सोबत भाऊ. माझं तिकीट ज्या स्टेशनचं होतं तिथे उतरून तिने रिक्षावाल्याला सांगितलं, डॉक्टर बाबलच्या दवाखान्यात चला. रिक्षावाला वाटभर हसत होता म्हणे. त्यामुळे ती अधिकच घाबरली.

तिने मला पाहिलं. मी तिला चष्म्याशिवायही ओळखलं. अशी उभी राहणारी बाई जगात एकच आहे. विनू ओरडून म्हणाला, जीजाजी, आप हिलो मत. मी हलण्याचा प्रश्नच नव्हता. सौ.ने हाताने त्याला गप्प केलं आणि कमरेला पदर खोचून विचारलं, आणि ओहोटीच्या खाडीत आवाज असा वाजतो की साऱ्या गावाने ऐकलं:

"तुम्ही भरती कुठं आहात?"

"भरती सकाळीच गेली," मी म्हणालो. "आता ओहोटी आहे."

बायकांनी कोयते थांबवले. सौ. विनूकडे वळून म्हणाली, यांचं डोकं फिरलं, भांग उतरली नाही अजून. मी ओरडून सांगितलं की भांग परवाच संपली, आता उधाण येईल. ते ऐकून विनूने फाइल उघडली.

शेवटी सुमतीमावशी मधे पडली. ती काठावर गेली, सौ.शी बोलली, हातवारे झाले, चंद्र दाखवायला एकदा आभाळाकडे बोट झालं. मग मावशी चिखलातून माझ्याकडे परत आली. तिच्या हातात दवाखान्यासाठी आणलेल्या दलियाचा डबा होता आणि पदराच्या गाठीत एक गोळी. म्हणाली, बाय इचारता, सकाळची गोळी घेतलात? मी नव्हती घेतली. मावशीसमोर घेतली. मावशीने तसं काठावर जाऊन सांगितलं. मग पुढचा प्रश्न आला, वास्तुशांत कुठंय. हा प्रश्न मावशीने तिसऱ्या वेचत वेचत आणला, त्यामुळे मला उत्तर ठरवायला थोडा वेळ मिळाला. पण चिखलात रुतून बसलेला माणूस खोटं तरी काय बोलणार. मी ओरडूनच सांगितलं की वास्तुशांत नव्हतीच, मी खोटं बोललो, मला मासे धरायचे होते. आजूबाजूच्या सगळ्या बायका सौ.कडे पाहायला लागल्या.

विनूने तिच्यासाठी एका उलट्या होडीवर रुमाल टाकला, त्यावर ती बसली. मग म्हणाली, मोठ्याने नाही, पण मला ऐकू आलं.

"गाडीत मी सारा वेळ हेच ठरवून राहिली होती, का तुम्ही गेले असाल तर आधी फोन कोणाले करू."

चूक झाली, असं म्हणालो असेन. त्या साठ पावलांवरून मी स्वतःला जितका खुजा वाटलो तितका कधी वाटलो नव्हतो. बायका आपापल्या टोपल्यांकडे वळल्या. विनू झोपला.

त्यानंतर चार तास आम्ही समोरासमोर बसलो. ती काठावर, मी होडीत. ती मधूनच काहीबाही विचारी, मी सांगे. मागच्या वर्षी कळ आली तेव्हा मी आधी कुणाला हाक मारली होती. वर्षभर टीव्हीकडे पाहताना मी खरंच टीव्ही पाहत होतो का. भोकांत भरलेल्या कणकेची गोष्ट सांगितली तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. सव्वाचारला चिखलात एक चकाकती रेघ दिसली, ती जाड होत माझ्याकडे आली, आणि मग कयाक हळूच उचलली गेली. मी वल्हं मारत काठाला लागलो. सौ.ने आधी माझी नाडी पाहिली आणि मग जी बोलायला लागली ती पार कल्याण येईपर्यंत थांबली नाही. तो राग आधी का आला नाही, असं मी मधेच विचारलं. ती म्हणाली, आधी तुम्ही जिवंत आहात का पाहायचं होतं.

महाराजपुरात आमच्या आधी बातमी पोचली होती. घरी पाऊल टाकलं तर कॉलनीतले लोक फळं घेऊन हजर. कोणी म्हणे, कौन से अस्पताल में भरती थे. मी म्हटलं, अस्पताल नहीं, समुंदर की भरती. त्यावर शेजारचे तिवारीजी हळूच सौ.ला म्हणाले, इनको आराम करने दो. दोन दिवस मी चंद्र, तिथी, पाऊणपट समजावून पाहिली. तिसऱ्या दिवशी निमूटपणे पलंगावर पडून राहिलो आणि पेरू खाल्ले. सौ. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, अब ठीक हैं.

आपण निघतो एका कामाला आणि शिकून येतो दुसरंच, असं प्रवासाबद्दल म्हणायची पद्धत आहे. मी मात्र गेलो होतो पाणी समजून घ्यायला आणि तेही नीट समजलं नाही. बायको समजली असंही म्हणवत नाही. तिनेच शनिवारी संध्याकाळी, मेथी निवडता निवडता, स्वतःहून विषय काढला. उद्या घाटावर जाऊ म्हणाली. मी कान टवकारले. काहून, म्हटलं, तुला तर पाण्याचं भेव वाटते.

"पाण्याचं नाही वाटत," ती म्हणाली. "तुम्ही दिसत नाही, त्याचं वाटते. वर्षभर तुम्ही घरातल्या घरात बाथरूमात गेले तरी मी कान लावून राहत होती. त्या दिवशी चिखलात चार घंटे तुम्ही समोर होते, कुठं जाऊ शकत नव्हते. मी वर्षभरात तेवढी निवांत बसलीच नव्हती."

आता दर रविवारी आम्ही दोघं जातो. ती पायरीवर भाजी निवडत बसते आणि मी तिच्या नजरेत राहील अशा जागी गळ टाकतो. लोक सांगतात की पुढच्या वळणापलीकडे डोह आहे, तिथे दहा-दहा किलोचे मासे लागतात. लागत असतील. मी वळणापलीकडे जात नाही.